रुग्णवाहिका की चालता दवाखाना?



रस्त्याने जाताना मागून भोंग्याचा आवाज येतो. आपण बाजूला होतो. एक पांढरी गाडी दिव्यांची उघडमीट करीत निघून जाते. ‘कुणाच्या घरचे आहे कोण जाणे,’ असे मनाशी म्हणून आपण पुन्हा आपल्या वाटेला लागतो. त्या गाडीचा आपण विचार करतो तो एवढाच. पण त्या गाडीच्या मागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. संकटात पडलेल्या माणसाला समाजाने कसे उचलले, कोणाला आधी उचलले आणि कोणाला तसेच पडू दिले, हे त्या इतिहासात वाचावयास मिळते. तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावा, असा माझा विचार आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. आपण ‘रुग्णवाहिका’ म्हणतो. शब्द मोठा सुबक आहे. पण त्याचा अर्थ रुग्णाला वाहून नेणारी, इतकाच. शवाला वाहून नेणारी ती शववाहिका, तशीच ही. ‘अँब्युलन्स’ हा शब्द मात्र निराळ्या घरचा आहे. ‘चालणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला, आणि फ्रेंच लोक ‘चालता दवाखाना’ या अर्थाने तो वापरीत. सैन्याच्या मागोमाग हलणारे जे इस्पितळ, ते अँब्युलन्स. गाडीला ते नाव पुढे पडले.

तेव्हा एकाच वस्तूच्या या दोन नावांत दोन वेगळ्या कल्पना आहेत. एक म्हणते, रोग्याला वैद्याकडे न्या. दुसरी म्हणते, वैद्याला रोग्याकडे न्या. आजवर या गाडीचे जे जे प्रकार झाले, ते या दोहोंपैकी एकीकडे किंवा दुसरीकडे झुकलेले आहेत. कोणता प्रकार चांगला, या प्रश्नाचे उत्तरही याच तराजूत शोधावे लागते.

आता १७९२ सालच्या ऱ्हाइन नदीकाठी चला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचा पंचविशी ओलांडलेला एक शल्यवैद्य होता. त्या काळचा नियम असा, की सैन्याचा दवाखाना लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे अडीच मैलांच्या आसपास, मागे ठेवावयाचा. लढाई संपेपर्यंत जखमींनी पडून राहावयाचे. कित्येकांना उचलीपर्यंत दिवस उलटून जाई, आणि तोवर उचलण्याजोगे फारसे काही उरत नसे. लारेने पाहिले, की घोडदळाच्या हलक्या तोफा मैदानात वाऱ्यासारख्या इकडून तिकडे धावतात. त्याच्या मनात आले, माणसे मारण्याचे साधन जर इतके चपळ होऊ शकते, तर माणसे वाचविण्याचे का होऊ नये? त्यातून त्याची ‘उडती अँब्युलन्स’ जन्माला आली.

पुढे १७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेत तिला पूर्ण रूप आले. सुमारे ३४० माणसांचे एक पथक, त्याच्या तीन तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीला बारा हलक्या व चार जड गाड्या. हलकी गाडी दोन चाकी व दोन घोड्यांची; तीत दोन जखमी आडवे राहत. जड गाडी चार चाकी व चार घोड्यांची. तीत चौघे मावत. हलकी सपाट मुलखासाठी, जड डोंगराळ वाटांसाठी. गाडीचा डबा कमानींवर टांगलेला असे, म्हणजे धक्के कमी बसत. तळाची फळी रुळांवरून बाहेर सरके, तीवर घोड्याच्या केसांची गादी, आणि गादीला कातड्याचे आच्छादन, म्हणजे रक्त धुऊन काढता यावे. आजच्या गाडीत रोग्याचे स्ट्रेचर चाकांवरून आत सरकते, त्याचे हे मूळ. इजिप्तच्या वाळूत चाके रुतू लागली, तेव्हा याच लारेने उंटाच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधल्या आणि एकेका पेटीत एकेक जखमी निजविला. साधन मुलुखाप्रमाणे बदलावे, हे त्याने त्याच वेळी ओळखले होते.

परंतु लारेची खरी थोरवी गाडीत नाही. त्याने एक दंडक घातला: ज्याची जखम अधिक गंभीर, त्याला आधी उचलावयाचे, मग तो शिपाई असो की सेनापती. सरदार-उमरावांच्या युरोपात हा दंडक काही साधा नव्हता. या दंडकामुळे गाडीला एक नीती मिळाली.

त्याच सैन्यात, त्याच काळात, पेर्सी नावाचा दुसरा एक थोर शल्यवैद्य होता. त्याची गाडी अगदीच निराळी. तोफखान्यातील लांबट गाडीवर ती बेतलेली होती. तिला नाव पडले ‘वुर्स्ट’. जर्मन भाषेत वुर्स्ट म्हणजे सॉसेज, आणि गाडीचा आकार होता तसाच. तिच्या लांब पाठीवर शल्यवैद्य घोड्यावर मांड ठोकावी तसे एकामागून एक बसत, पोटात मलमपट्टीचे सामान भरलेले असे, आणि ही स्वारी थेट रणभूमीकडे निघे. जखमीला बसावयाला तीत जागाच नव्हती! लारेची गाडी जखमीला बाहेर आणी. पेर्सीची गाडी वैद्याला आत नेई. मघाशी सांगितलेल्या दोन कल्पना अशा समोरासमोर उभ्या राहिल्या. पेर्सीच्या गाडीत व्यंग असे, की वैद्य पोचला तरी जखमी तेथेच राहिला. पुढे पेर्सीनेच स्ट्रेचर उचलणाऱ्यांची शिस्तशीर पथके उभी केली, आणि आपल्या गाडीची उणीव माणसांच्या खांद्यांनी भरून काढली.

यानंतर आपण अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. फ्रेंचांची दोन चाकी गाडी नावाजलेली, म्हणून अमेरिकनांनीही दोन चाकी गाड्या केल्या. पण तेथले रस्ते खाचखळग्यांचे. घोड्याच्या प्रत्येक पावलागणिक गाडी पुढेमागे डुले, आणि मोडलेले हाड घेऊन आत पडलेल्या माणसाचा जीव नकोसा होई. शेवटी चार चाकी गाड्याच टिकल्या. बैलगाडीतून आडवाटेने गेलेल्या माणसाला यातले मर्म वेगळे सांगावयास नको. एका देशात उत्तम ठरलेली गाडी दुसऱ्या देशातल्या रस्त्यावर छळाचे यंत्र होऊ शकते.

आणि गाडी चांगली असूनही भागत नाही, हेही तेथेच दिसून आले. ऑगस्ट १८६२ मधील बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर जखमी माणसे कित्येक दिवस मैदानात पडून होती. गाड्या होत्या, पण कित्येक गाड्या अधिकाऱ्यांच्या सामानासाठी अडकविलेल्या, आणि हाकणारे भाडोत्री, तोफेचा आवाज ऐकताच पळणारे. जोनाथन लेटरमन या लष्करी वैद्याने यावर साधा उपाय केला. गाड्या वैद्यकीय खात्याच्या ताब्यात घेतल्या, त्यांच्यासाठी वेगळी शिकविलेली माणसे नेमली, आणि त्या गाड्यांचा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी उपयोग करावयास बंदी केली. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमची भयंकर लढाई झाली. हजारो माणसे जखमी झाली. तरी दुसऱ्या दिवसापर्यंत लेटरमनच्या सैन्यातील बहुतेक जखमी उचलले गेले होते. गाड्या पूर्वीसारख्याच होत्या. बदलली होती ती व्यवस्था.

युद्ध संपले आणि ही गाडी शहरात आली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात १८६९ मध्ये एडवर्ड डाल्टन या युद्धातून आलेल्या वैद्याने शहरासाठी सेवा सुरू केली. घोड्याचा साज छताला टांगून ठेवलेला असे. तार आली की तो वरून घोड्याच्या पाठीवर पडे, आणि बघता बघता गाडी रस्त्याला लागे. मागे एक तरुण डॉक्टर बसलेला, जवळ पट्ट्या, खपल्या, रक्त थांबविण्याचे पट्टे आणि ब्रँडीची बाटली. येथे रोग्याला नेणे आणि वैद्याला आणणे ही दोन्ही कामे एकाच गाडीत प्रथमच नीट जमलेली दिसतात.

लंडनने मात्र १८८० च्या दशकात एक तिसराच प्रकार वाढविला. देवी आणि सांसर्गिक तापाचे रोगी भाड्याच्या बग्गीतून जात, आणि त्यांच्यामागून बसणाऱ्याला तो रोग लागे. म्हणून तशा रोग्यांसाठी वेगळ्या बंद गाड्या, आणि देवीच्या रोग्यांना थेम्स नदीतून खाली नेण्यासाठी वेगळ्या आगबोटीसुद्धा निघाल्या. या गाडीचा हेतू उमगला की मन जरा चमकते. ही गाडी रोग्याला वाचवावयास येत होती, तितकीच शहराला रोग्यापासून वाचवावयास येत होती.

ही गाडी दाराशी आली की माणसाला काय वाटते, हे आपल्या पुण्याला ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगात सोजिरांनी घरे तपासली, संशयित माणसे उचलून नेली. आणि इस्पितळाची भीती प्लेगाहून मोठी झाली. लोक आपली आजारी माणसे लपवू लागले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतला पांडुरंग गायकवाड नावाचा लहान मुलगा प्लेगाने पडला. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गाड्यांच्या या इतिहासात त्या वाटेची कोठे नोंद नसेल. पण लारेने घातलेला दंडक त्या पाठीवर पूर्णपणे पाळला गेला होता. तो मुलगा कोणाचा, कोणत्या वस्तीतला, हे न पाहता ज्याची गरज मोठी त्याला उचलले गेले.

माणसाच्या खांद्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या डोलीबद्दल बोलले पाहिजे. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची रुग्णवाहिका म्हणजे भोई आणि डोली. याबद्दल एक जुना किस्सा आहे. डोल्यांनी जखमींना उचलून नेले, अशी बातमी विलायतेत पोचली, तेव्हा तिकडच्या एका वक्त्याने ‘डोली’ म्हणजे कोणी रानटी टोळी समजून डोंगरावरून धावून आलेल्या त्या क्रूर डोल्यांचा निषेध केला म्हणे! किस्सा खरा असो वा रचलेला, चाकाच्या देशातल्या माणसाला खांद्यावरची रुग्णवाहिका सुचत नाही, एवढे त्यातून कळते.

तिची किंमत दक्षिण आफ्रिकेत कळली. १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा बॅरिस्टर मोहनदास गांधी यांनी तेथील सुमारे ११०० हिंदी माणसांचे एक पथक उभे केले. त्यांत बहुसंख्य गिरमिटिये मजूर होते. जानेवारी १९०० मध्ये स्पायन कॉपच्या लढाईत या माणसांनी गोळीबाराच्या टप्प्यात जाऊन जखमींना उचलले. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ते दिवसाला वीस-पंचवीस मैलसुद्धा चालत. एरवी ज्यांना तेथील गोरे लोक माणसांत धरावयास तयार नव्हते, त्यांच्या खांद्यावर गोरे सैनिक आणि सेनाधिकारी विसावले होते.

आता मोटारीचे युग. १८९९ मध्ये शिकागोच्या मायकेल रीझ इस्पितळाला मोटार-अँब्युलन्स मिळाली. ती विजेवर चालणारी होती! आज विजेच्या गाड्यांचे कौतुक चालले आहे, पण ही कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाची आहे. पुढे पहिल्या महायुद्धात फोर्डच्या ‘टी’ मोटारीने नाव काढले. लाकडी डबा, आत तीन स्ट्रेचर, वजन इतके हलके की चिखलात रुतली तर चार-सहा शिपाई उचलून बाहेर काढीत. व्होज पर्वताच्या ज्या वाटांवर खेचरेच चालत, त्या वाटांवर ही गाडी चढली. आणि त्याच युद्धात मादाम क्यूरी यांनी पेर्सीची कल्पना पुन्हा जिवंत केली. १९१४ पासून त्यांनी सुमारे वीस मोटारी क्ष-किरणांच्या यंत्रांनी सज्ज केल्या. यंत्राला वीज मोटारीच्या इंजिनवर चालणाऱ्या डायनामोतून मिळे. गोळी नेमकी कोठे रुतली आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच दिसू लागले. क्यूरीबाई स्वतः मोटार चालवावयास शिकल्या आणि कन्या इरेन हिला घेऊन आघाडीवर गेल्या.

यानंतर इतिहास पुढे जावयाचा, तो मागे गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, अमेरिकेत, निम्म्याच्या आसपास रुग्णसेवा प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्यांच्या हाती होती. कारण सरळ होते. माणूस आडवा निजू शकेल अशी लांब मोटार त्यांच्याचकडे असे. एकच गाडी सकाळी शववाहिका आणि संध्याकाळी रुग्णवाहिका! दिसावयास ऐटबाज, चालावयास मऊ. पण छत इतके ठेंगणे, की रोग्याची छाती दाबावयाची म्हटली तर माणसाला आत धड ताठ होता येत नसे. हाकणाऱ्याला वैद्यकीय शिक्षण बहुधा नसेच. ती गाडी वेगाने पोचवी, आणि केवळ पोचवी. वाहणे एवढेच काम मानले की रुग्णवाहिका आणि शववाहिका यांतले अंतर किती कमी उरते, हे या गाडीने दाखविले. १९६६ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या दुरवस्थेवर अहवाल काढला. गंभीर जखम झाली तर शहरातल्या रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर वाचण्याची आशा अधिक, असे युद्धावरून परतलेल्या तज्ज्ञांचे मत त्यात नमूद आहे.

पिट्सबर्ग शहरात तर रोग्याला पोलिसांच्या गाडीतून नेत. आणि निग्रो वस्तीत ती गाडी वेळेवर येईलच असा भरवसा नसे. तेथे पीटर साफार हे डॉक्टर होते. थांबलेला श्वास तोंडाने चालू करण्याची रीत रूढ करणाऱ्यांपैकी ते एक. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याने गेली. दुसऱ्या वर्षी ‘फ्रीडम हाउस’ नावाचे पथक उभे राहिले. हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या लोकांच्या वस्तीतील बेकार तरुणांना साफारांनी वैद्यकीय शिक्षण दिले. गाडी नव्याने आखली, उंच छताची, उपकरणांनी सज्ज. ज्यांना कामावर ठेवण्यास कोणी तयार नव्हते, ते तरुण चालत्या गाडीत माणसांचे प्राण राखू लागले. १९७५ मध्ये शहराने स्वतःचे पथक काढून हे बंद केले. पण त्यांनी घालून दिलेला कित्ता देशभर गिरविला गेला.

याच सुमारास आयर्लंडमधील बेलफास्टला डॉ. पँट्रिज यांच्या ध्यानात आले, की हृदयविकाराने जे दगावतात त्यांतील पुष्कळ जण पहिल्या तासातच, इस्पितळात पोचण्याआधीच दगावतात. हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र इस्पितळात ठेवून त्यांचा काय उपयोग? १९६६ च्या आरंभी त्यांनी एका जुन्या अँब्युलन्समध्ये हे यंत्र बसविले, मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारे. वजन सुमारे ७० किलो. दोन वर्षांत ते तीन-सव्वातीन किलोंवर आले. चालता दवाखाना खऱ्या अर्थाने चालू लागला.

आता आजच्या प्रकारांची तुलना करू. अमेरिकेने १९७४ मध्ये तीन प्रकार ठरविले: मालमोटारीच्या चासीवर बसविलेला चौकोनी डबा हा पहिला, उंच छताची अखंड व्हॅन हा दुसरा, व्हॅनच्या पुढल्या भागामागे जोडलेला डबा हा तिसरा. व्हॅन अरुंद, पण स्वस्त व गल्लीबोळांतून जाणारी. डबा प्रशस्त, आणि चासी झिजली तर तोच डबा उचलून नव्या चासीवर बसविता येतो. ही विभागणी सुताराच्या नजरेची आहे. आपल्या देशाची मानके निराळी विभागणी करतात. ‘ए’ प्रकार वैद्यकीय मदत घटनास्थळी पोचविणारा, रोग्याला मुळीच न नेणारा. तो मोटरसायकलसुद्धा असू शकतो. ‘बी’ साध्या रोग्याची ने-आण करणारा. ‘सी’ प्राथमिक जीवरक्षणाचा आणि ‘डी’ प्रगत जीवरक्षणाचा. ही विभागणी वैद्याच्या नजरेची आहे. कारण येथे प्रश्न विचारला आहे तो गाडी कशी बांधली याचा नव्हे, तर आत काय होऊ शकते याचा. आणि गंमत पाहा, ‘ए’ प्रकार म्हणजे पेर्सीची वुर्स्टच! २०१७ मध्ये मुंबईत डॉक्टरांना घेऊन जाणाऱ्या मोटरसायकली निघाल्या, तेव्हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ती कल्पना दोन चाकांवर परत आली.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांत २३३ प्रगत जीवरक्षणाच्या आणि ७०४ प्राथमिक. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण आकडा ऐकून समाधान मानू नये. आपल्या गावात कोणी उदार गृहस्थ किंवा मंडळ नवी रुग्णवाहिका अर्पण करते, नारळ फुटतो, हार घातले जातात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्या वेळी आपण नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी कोणत्या प्रकारची? मागे रोग्याजवळ कोण बसणार आणि त्याला काय शिकविले आहे? आणि तिला दुसऱ्या कामाला लावण्याची बंदी आहे काय? पहिला प्रश्न लारेचा, दुसरा साफारांचा, तिसरा लेटरमनचा. या तिन्हींची उत्तरे नसतील, तर आपण अर्पण केली ती फक्त पांढरी मोटार.

चौथाही एक प्रश्न आहे, आणि तो विचारून मी आपली रजा घेतो. सातपुड्यातल्या, गडचिरोलीतल्या पाड्यांवरून पावसाळ्यात अजून बातम्या येतात, की अडलेल्या बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून नातेवाइकांनी नदी-नाले ओलांडून सडकेपर्यंत आणले. सडकेवर १०८ ची गाडी उभी असते, आत प्राणवायू असतो. म्हणजे जगातली सर्वांत जुनी रुग्णवाहिका आणि सर्वांत नवी रुग्णवाहिका एकाच दिवशी एकाच बाईला वाहतात. मधली वाट कोणाच्याच हिशेबात नसते. जिची गरज अधिक तिला आधी, हा दंडक आपण मानीत असू, तर ती झोळी जेथून निघाली त्या पाड्यापर्यंतचा रस्ता हाही त्या गाडीचाच भाग आहे, असे आपण समजले पाहिजे.